औषधी पानांतली अँटिऑक्सिडंट ताकद: कशी टिकवावी आणि घरच्या घरी कशी तपासावी

शेवग्याच्या पानांची पूड, वाळवलेली तुळस, आवळ्याचं चूर्ण, पेरूच्या पानांचा काढा. यांतल्या कशाबद्दलही वाचायला घ्या, 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' हे शब्द येतातच. पान झाडावर असताना ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण तोडल्यावर पहिल्या काही तासांत त्यातलं किती जातं, उकळताना किती जातं आणि पारदर्शक बरणीत महिनोन्महिने उजेडात राहिल्यावर किती उरतं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझं मत असं, की झाड कोणतं निवडलं याइतकंच, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, महत्त्व तोडल्यानंतर पानाशी आपण कसे वागलो याला असतं. हे मत तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल. त्यासाठी जखमेवर लावायचं आयोडीन, थोडा स्टार्च, क जीवनसत्त्वाची एक गोळी आणि एक ड्रॉपर एवढं पुरतं.

आधी पान नीट तोडून वाळवायचं, मग त्याचा अर्क काढायचा, मग तपासायचा आणि शेवटी हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लावायचा, असा हा क्रम आहे. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचलं तरी चालेल, पण वाळवण्याचा आणि चाचणीचा भाग सावकाश वाचा.

१. मोजायचं काय, ते आधी समजून घ्या

श्वासातून घेतलेला ऑक्सिजन वापरताना पेशींमध्ये काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. हेच मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल. जोडी पुरी करण्यासाठी ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो रेणू अस्थिर होतो आणि साखळी पुढे चालू राहते. जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजनचा अणू देतो आणि तरीही स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहतो, तो ही साखळी तोडतो. असा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व, आवळ्यातलं गॅलिक आम्ल, पेरूच्या आणि शेवग्याच्या पानांतलं क्वेरसेटिन, तुळशीतलं रोझमॅरिनिक आम्ल आणि युजेनॉल, हळदीतलं करक्यूमिन, लाल अंबाडीच्या बोंडांना रंग देणारी अँथोसायनिन हे सगळे याच कामाचे.

उष्ण कटिबंधातल्या झाडांत हे पदार्थ इतके का आढळतात, याचं उत्तर झाडाच्या गरजेत आहे. प्रखर ऊन पडलं की पानाला पेलवेल त्याहून जास्त प्रकाश त्यात शिरतो आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतच मुक्त मूलक तयार होऊ लागतात. त्यात अतिनील किरणांचा मारा असतो. किडे आणि बुरशी वर्षभर पिच्छा सोडत नाहीत. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते रसायनं बनवतं. एकाच झाडाच्या उन्हातल्या पानात फ्लॅव्होनॉइड, म्हणजे क्वेरसेटिनच्या जातीची रसायनं, सहसा जास्त आणि सावलीतल्या पानात कमी असतात, त्याचं कारण हेच. झाड हे स्वतःसाठी बनवतं, आपल्यासाठी नव्हे. पुढे शरीराबद्दल बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

२. वनस्पतीची ओळख पक्की करा

बोलीतल्या नावावर विसंबू नका. 'ब्राह्मी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती दिल्या जातात. एक बकोपा मॉनिएरी, लहान, मांसल, लांबट पानांची. दुसरी सेंटेला एशियाटिका, जिला मंडूकपर्णीही म्हणतात, गोलसर, कातरलेल्या कडांच्या पानांची. दोघींतली मुख्य रसायनं वेगळी आहेत. गुळवेलीचंही तसंच. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन वेली वरवर पाहता सारख्या दिसतात, आणि दुसरीच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जुन्या आहेत. शास्त्रीय नाव आणि वापरायचा भाग, म्हणजे पान, साल, फळ की मूळ, हे दोन्ही वहीत लिहा. ओळखीची खात्री नसेल तर ती वनस्पती पोटात घेऊ नका. तेवढ्यावरच थांबा.

सुरुवातीला शेवगा, तुळस, पेरू किंवा आवळा यांपैकी एक घ्या. ओळखायला सोपे आहेत आणि चाचणीत फरक स्पष्ट दाखवतात.

३. तोडणी

सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढण्याआधी तोडा. किडलेली, पिवळी, डाग पडलेली पानं बाजूला काढा. रस्त्याकडेच्या झाडाची पानं नकोत, धुरातले आणि धुळीतले धातू पानावर बसतात. पानं वाहत्या पाण्यात झटपट धुवा, भिजत ठेवू नका. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबरच निघून जातं. नंतर स्वच्छ कापडावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या.

तोडलेल्या पानांचं वजन लगेच करून लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

४. वाळवणं: सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं

तुळशीचं एक ताजं पान दोन बोटांत धरून मधोमध चुरगाळा आणि पांढऱ्या बशीत ठेवा. शेजारी एक धडधाकट पान ठेवा. थोड्या वेळाने पाहा. चुरगाळलेल्या जागी काळपट तपकिरी डाग पसरलेला दिसेल, शेजारचं पान हिरवंच असेल. पानाच्या पेशीत फिनॉल वर्गातले अँटिऑक्सिडंट एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर म्हणजे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली की दोघं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि विकर त्या फिनॉलचं ऑक्सिडीकरण सुरू करतं. तो काळा डाग म्हणजे खर्ची पडलेले अँटिऑक्सिडंट. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते याच कारणाने.

यातून वाळवण्याचा पहिला नियम निघतो: पानं अख्खी वाळवा. आधी कापू नका, कुटू नका, पिशवीत कोंबू नका, ढीग लावू नका. ढिगाच्या मधली पानं दबतात, गरम होतात आणि आतल्या आत काळी पडतात.

दुसरा नियम वेळेचा. ओल असेपर्यंत विकरं काम करत राहतात, म्हणून वाळवण्याला जितके जास्त दिवस लागतील तितकं नुकसान वाढतं. त्याच वेळी उष्णता फार वाढवली तर क जीवनसत्त्व नाहीसं होतं आणि सुगंधी तेलं उडून जातात. या दोन टोकांच्या मधला मार्ग धरायचा. हवेशीर सावलीत, जाळीवर, एकेरी थरात पानं पसरा आणि दिवसातून दोनदा हलक्या हाताने उलटा. हवा कोरडी असेल तर तीन-चार दिवसांत काम होतं. हवा दमट असेल तर सावलीवर भिस्त ठेवू नका, पानांवर बुरशी चढते. तिथे वाळवणी यंत्र वापरा: शेवगा, पेरू अशा पानांसाठी ४५ ते ५० अंश सेल्सिअस आणि तुळस, गवती चहा अशा सुगंधी पानांसाठी ४० अंशांच्या आत.

थेट उन्हात पानं लवकर वाळतात हे खरं, पण अतिनील किरणं हिरवा रंग, कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्यं) आणि क जीवनसत्त्व तिन्ही खातात. उन्हात वाळलेलं शेवग्याचं पान फिकट पिवळसर होतं आणि सावलीतलं गडद हिरवं राहतं. हळदीचं करक्यूमिनही प्रकाशात तुटतं, म्हणून हळदीची पूड उघड्या काचेच्या बरणीत उजेडात ठेवू नये.

शेवग्यासारख्या पानांसाठी एक वेगळा मार्गही आहे: वाळवण्याआधी एक-दोन मिनिटं वाफ देणं. वाफेच्या उष्णतेने विकर निकामी होतं, फिनॉल वाचतात आणि पानाचा रंग टिकतो. बदल्यात क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. उकळत्या पाण्यात बुडवलं तर तो आणखी जास्त जातो, म्हणून वाफच बरी. तुळशीला मात्र वाफ देऊ नका, सुगंध निघून जाईल. तुम्हाला फिनॉल हवेत की क जीवनसत्त्व, यावर निवड ठरवा. दोन्ही पूर्णपणे वाचवणारी पद्धत घरी तरी नाही.

पान पुरतं वाळलं हे कसं ओळखावं? देठ वाकवला की कट्कन तुटला पाहिजे. पान मुठीत दाबलं की चुरा झाला पाहिजे, नुसतं वाकून चालणार नाही. शंका असेल तर मूठभर पानं बंद बरणीत दिवसभर ठेवा. आतून बरणीला बाष्प धरलं तर पुन्हा वाळवा. वाळल्यावर परत वजन करा. ताज्या पानांचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग पाणी असतो, तेव्हा ४०० ग्रॅमचे १०० ग्रॅमच्या आत-बाहेर उरले तर दचकू नका.

साठवण सोपी आहे. हवाबंद आणि अपारदर्शक डबा, थंड कोरडी जागा, वर तारखेची चिठ्ठी. पूड करून ठेवू नका. पूड झाली की हवेला लागणारं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं आणि ऑक्सिडीकरणही. लागेल तेवढीच दळा. कुबट वास आला किंवा पांढुरके-काळे ठिपके दिसले तर सगळंच टाकून द्या. बुरशीची काही विषं उकळूनही जात नाहीत.

५. अर्क काढणं

कोणत्या द्रवात काय उतरतं, हे रेणूच्या स्वभावावर ठरतं. क जीवनसत्त्व, टॅनिन (तुरट चव देणारे पदार्थ), अँथोसायनिन आणि बरेचसे फ्लॅव्होनॉइड पाण्यात उतरतात. करक्यूमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला अल्कोहोल किंवा स्निग्ध पदार्थ लागतो. हळदीचं पिवळं पाणी पाहून करक्यूमिन भरपूर उतरलं असं वाटतं, पण पेला स्थिर ठेवला की बरीच हळद तळाशी बसलेली दिसते.

आपल्या चाचणीसाठी पाण्याचाच अर्क हवा. प्रमाण असं: २ ग्रॅम वाळलेली पानं ऐन वेळी चुरा, काचेच्या भांड्यात घाला, त्यावर ५० मिलिलिटर गरम पाणी ओता. पाणी उकळून मिनिटभर थांबलेलं असावं. झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. कागदात अडकलेला द्रव थोडं पाणी घालून धुऊन घ्या आणि एकूण अर्क पुन्हा ५० मिलिलिटर करा. आवळ्यासारख्या क जीवनसत्त्वाच्या फळाला गरम पाण्याची गरज नाही. ताजा रस काढा, गाळा आणि १ मिलिलिटर रसात १९ मिलिलिटर पाणी मिसळा. तसाच घट्ट रस घेतला तर थेंब मोजता मोजता हात दुखेल.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं. तांब्याचं अजिबात नको. तांब्याचे अंशमात्र आयन असले तरी क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण भराभर होतं. लोखंडाच्या भांड्यात आवळा काळा पडतो, कारण त्यातलं टॅनिन लोहाशी बांधलं जातं. जुन्या काळची शाई याच रासायनिक क्रियेवर बनत असे.

६. आयोडीनची चाचणी

तत्त्व साधं आहे. आयोडीन आणि स्टार्च एकत्र आले की गडद निळा रंग येतो. अर्कात अँटिऑक्सिडंट असेल तर ते आधी आयोडीनला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं रंगहीन आयोडाइड करतं. अँटिऑक्सिडंट संपेपर्यंत निळा रंग टिकत नाही. म्हणजे जितके जास्त थेंब आयोडीन पचलं, तितकी त्या अर्काची ताकद जास्त.

लागणारं साहित्य: ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीनचं द्रावण, ५०० मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची गोळी (रंग नसलेली मिळाली तर उत्तम), एक ग्रॅम स्टार्च, मापाची सिरिंज, ड्रॉपर, काचेचे छोटे पेले, पांढरा कागद. हातमोजे घाला, आयोडीनचे डाग चिवट असतात. ज्यांना आयोडीनची ॲलर्जी आहे त्यांनी हे हाताळू नये. मुलं करणार असतील तर मोठं माणूस शेजारी हवं. यासाठी वापरलेले पेले पुन्हा खाण्यापिण्याला घेऊ नका आणि चाचणीतला कोणताही द्रव चाखू नका.

*तयारी.* स्टार्च चमचाभर थंड पाण्यात कालवून १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात सोडा, ढवळा, गार होऊ द्या. हे द्रावण रोज ताजं करा. आयोडीनच्या ५ मिलिलिटरमध्ये २० मिलिलिटर पाणी मिसळा, आता रंग गडद चहासारखा दिसेल. गोळी कुटून ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, गाळा, आणि त्यातले २० मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० मिलिलिटर करा. या पातळ द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. हे आपलं प्रमाण द्रावण. तेही त्याच दिवशी वापरून संपवा. पाण्यातलं क जीवनसत्त्व हवेने हळूहळू नष्ट होतं.

*कोरी चाचणी.* १० मिलिलिटर साध्या पाण्यात स्टार्चचे १० थेंब टाका आणि आयोडीन थेंब थेंब सोडा. पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच निळा रंग आला पाहिजे. हे थेंब पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करायचे.

*प्रमाण द्रावण.* १० मिलिलिटर प्रमाण द्रावणात स्टार्चचे १० थेंब टाका. पेला पांढऱ्या कागदावर ठेवा. एका हाताने पेला गोल फिरवत दुसऱ्या हाताने आयोडीन सोडा. थेंब पडतो तिथे निळा ढग उठतो आणि पेला फिरवताच विरतो. शेवटाकडे ढग विरायला वेळ लागतो. तिथून एकेक थेंब सावकाश सोडा. सगळ्या द्रावणाला आलेला निळा रंग २० सेकंद टिकला की थांबा. ड्रॉपरच्या तोंडानुसार आकडा बदलतो, पण साधारण ५० ते ६० थेंबांच्या आसपास यायला हवा. ड्रॉपर शेवटपर्यंत एकच वापरा, उभा धरा, तिरका केला की थेंबाचा आकार बदलतो.

*तुमचा अर्क.* आता १० मिलिलिटर अर्कावर हेच करा. अर्क आधी पूर्ण गार झालेला हवा, कारण गरम द्रावणात आयोडीन-स्टार्चचा निळा रंग धरतच नाही आणि तुम्ही उगाच आयोडीन ओतत राहाल. अल्कोहोलनेही हा रंग बिघडतो, म्हणून टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क, इथे चालत नाही. अर्क हिरवा किंवा तपकिरी असेल तर शेवट ओळखायला शेजारी तसाच, आयोडीन न घातलेला पेला ठेवा आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहा. हळद आणि लाल अंबाडी या चाचणीला घेऊ नका. पहिलीचा पदार्थ पाण्यात उतरत नाही, दुसरीच्या लाल रंगात निळा हरवतो.

प्रत्येक नमुन्याची मोजणी तीनदा करा. तीन आकडे एकमेकांपासून दोन-तीन थेंबांहून जास्त लांब असतील तर फिरवण्यात किंवा थांबण्याच्या क्षणात फरक पडतो आहे. फिनॉल क जीवनसत्त्वापेक्षा संथपणे आयोडीनशी क्रिया करतात, त्यामुळे पानांच्या अर्कात निळा रंग येऊन पुन्हा हळूहळू फिका होतो. म्हणूनच २० सेकंदांची मर्यादा काटेकोरपणे पाळायची.

*हिशेब.* समजा, कोरी चाचणी वजा करून प्रमाण द्रावणाला ५० थेंब लागले आणि पानांच्या अर्काला २०. तर १० मिलिलिटर अर्काची ताकद २० भागिले ५० गुणिले २, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाइतकी. पूर्ण ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम. आपण पानं २ ग्रॅम घेतली होती, म्हणजे दर ग्रॅम वाळलेल्या पानामागे २ मिलिग्रॅम. हा आकडा 'क जीवनसत्त्वाच्या तुलनेत' असा लिहा. पानात तेवढं क जीवनसत्त्व आहे, असा त्याचा अर्थ नाही.

चाचणीची खरी मजा तुलनेत आहे. एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली पानं चार भागांत वाटा: सावलीत वाळवलेली, उन्हात वाळवलेली, वाफ देऊन वाळवलेली आणि कापून वाळवलेली. चारही एकाच दिवशी तपासा. ताज्या पानाशी तुलना करायची असेल तर तोडताना आणि वाळल्यावर केलेली वजनं वापरा. ४ ग्रॅम ताज्या पानांचं वाळून १ ग्रॅम झालं असेल, तर २ ग्रॅम वाळलेल्यांच्या तोडीला ८ ग्रॅम ताजी पानं घ्यावी लागतील. हा हिशेब न करता 'वाळवल्यावर ताकद चौपट झाली' अशी वाक्यं लिहिली जातात. तिथे फक्त पाणी उडालेलं असतं.

उरलेलं आयोडीन भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. ओट्यावर डाग पडला तर क जीवनसत्त्वाच्या द्रावणाचा बोळा फिरवा, डाग डोळ्यांदेखत जाईल.

७. प्रयोगशाळेतले आकडे कसे वाचावेत

शोधनिबंधात किंवा पाकिटावर वेगळीच नावं दिसतील. डीपीपीएच ही पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडली. त्यात जांभळ्या रंगाचं एक तयार मुक्त मूलक वापरतात. अँटिऑक्सिडंट मिळालं की ते पिवळं होतं आणि ५१७ नॅनोमीटरवर प्रकाशशोषण किती घटलं ते यंत्र मोजतं. निष्कर्ष बहुधा आयसी-५० या आकड्यात देतात: निम्मी मूलकं निकामी करायला किती अर्क लागला. म्हणजे हा आकडा जितका लहान, तितकी ताकद जास्त. इथे वाचणाऱ्यांचा हमखास उलटा समज होतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने एकूण फिनॉल काढतात आणि ते गॅलिक आम्लाच्या तुलनेत सांगतात. पण त्यात वापरलेलं रसायन क जीवनसत्त्वाला आणि काही प्रथिनांनाही प्रतिसाद देतो. १९९६ साली आलेल्या फ्रॅप पद्धतीत लोहाचं क्षपण, म्हणजे अर्काने लोहाला किती इलेक्ट्रॉन दिले ते, मोजतात. या तिन्हींचे आकडे एकमेकांशी जोडू नका. एका प्रयोगशाळेने मिथेनॉलमध्ये आणि दुसरीने पाण्यात अर्क काढला असेल तर एकाच पद्धतीचे आकडेही तुलनेला धरू नका. मिथेनॉलच्या अर्काचा आकडा मोठा दिसला, तरी मिथेनॉल विषारी आहे आणि तो अर्क कुणी पिणार नाही.

ओरॅक हा आणखी एक आकडा पूरक पदार्थांच्या जाहिरातीत फार वापरला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची यादी ठेवली होती, ती २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतली ही मूल्यं शरीरातल्या परिणामाला लागू होतात असा पुरावा नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, ही कारणं खात्याने दिली होती.

८. पेल्यापासून पेशीपर्यंत

आयोडीनच्या पेल्यात जिंकलेलं पान शरीरात तसंच जिंकेल असं गृहीत धरू नका. बहुतेक पॉलिफिनॉल, म्हणजे वर आलेले फिनॉल वर्गातले पदार्थ, आतड्यातून थोडेच शोषले जातात. जे जातात त्यांना यकृत आणि आतड्याची भिंत लगेच दुसरे गट जोडून बदलून टाकतात, आणि उरलेले मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. करक्यूमिनचं उदाहरण बोलकं आहे. उदासीन पाण्यात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. १९९८ च्या एका अभ्यासात माणसांना २ ग्रॅम करक्यूमिन दिल्यावर रक्तात ते जेमतेम सापडलं. त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. पण पायपरिन ज्या मार्गाने हे घडवतं, त्याच मार्गाने काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

शिवाय शरीराची स्वतःची मोठी यंत्रणा आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर १९६९ साली ओळखलं गेलं. ते, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन मिळून रोजचा बहुतेक भार उचलतात. मुक्त मूलकं सरसकट शत्रूही नाहीत. पांढऱ्या पेशी जिवाणू मारायला तीच वापरतात.

'जितकं जास्त तितकं चांगलं' ही समजूत माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत टिकली नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. हे एकेकट्या, जास्त मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे, भाजी-फळांबद्दल नाही. तरीही वनस्पतीचा तीव्र अर्क कॅप्सूलमध्ये भरला की तो गोळीच्या जवळ जातो आणि पानापासून दूर, असं मला मनापासून वाटतं.

९. पोटात घेण्याआधी

रोजच्या जेवणात येणारी पानं आणि फळं नेहमीच्या प्रमाणात खाणं वेगळं आणि अर्क, चूर्ण, कॅप्सूल महिनोन्महिने घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पुढच्या गोष्टी तपासा.

हळदीच्या, विशेषतः शोषण वाढवलेल्या कॅप्सूलनंतर आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अलीकडच्या वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, अन्नावरची वासना जाणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना डबा सोबत न्या.

रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, कर्करोगाचे उपचार सुरू असतील, गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी विचारा. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना क जीवनसत्त्वाच्या फार मोठ्या मात्रेने तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी टॅनिनयुक्त काढे जेवणाबरोबर घेऊ नयेत. टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते शोषलं जात नाही. काढा आणि जेवण यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर काय काय घेत आहात याची यादी, वनस्पतीच्या शास्त्रीय नावांसह, भूलतज्ज्ञांना आधीच द्या. घरचंच आहे म्हणून त्यातून काही वगळू नका.